‘एकच हार्ड डिस्क घ्या आणि निश्चिंत व्हा’: फिरणाऱ्या सल्ल्याला मुद्देसूद उत्तर

दर काही महिन्यांनी एक मजकूर व्हॉट्सॲपवर नव्या दमाने फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच. क्लाउडला दरमहा पैसे भरणं हा वेडेपणा आहे, त्यापेक्षा एकदाच एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. फोन-लॅपटॉपमधलं सगळं तिच्यात टाका आणि मूळ जागा रिकामी करा. मग डिस्क कपाटात ठेवून द्या. वापर नाही म्हणजे झीज नाही, दहा वर्षं बघायला नको. डिस्क काढण्याआधी कॉम्प्युटरला सांगून ‘इजेक्ट’ करायची भानगड आता उरलेली नाही. डिस्क जायच्या आधी आवाज करून इशारा देतेच. आणि गेलीच तर डेटा परत काढता येतो, अहो, कोलंबिया यानाच्या जळालेल्या डिस्कमधूनही काढला होता!

यातलं काही खरं आहे, म्हणून तर बाकीचं खपून जातं. दर टीबीमागे साठवणुकीचा खर्च पाहिला तर फिरत्या तबकडीची डिस्क अजूनही स्वस्त पडते. शेकडो जीबी अपलोड व्हायला दिवसच्या दिवस जातात, हेही खरं. आणि कपाटात सुटी पडलेली डिस्क रॅन्समवेअरच्या, म्हणजे फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या, हाती लागत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या अशाच व्हायरसने धुमाकूळ घातला तेव्हा कॉम्प्युटरला जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्या फाइलींनाही त्याने कुलूप घातलं होतं. सुट्या डिस्क बचावल्या. तेव्हा डिस्क घेऊ नका असं मी मुळीच म्हणत नाहीये. माझी स्वतःची भिस्तही डिस्कवरच आहे. पण एका डिस्कवर नाही, आणि या मजकुरात सांगितलंय तशी तर नाहीच.

सगळ्यात घातक वाक्य आधी घेतो: ‘मूळ जागा रिकामी करा’. फोटो लॅपटॉपवर होते तेव्हा त्यांची एक प्रत होती. कट करून डिस्कवर पेस्ट केले, आताही एकच प्रत आहे. फरक एवढाच की आधी ती रोज उघडल्या जाणाऱ्या यंत्रात होती, काही बिनसलं तर त्याच दिवशी कळलं असतं. आता ती अशा डबीत आहे जी केबलला पाय अडकला की टेबलावरून खाली येते. त्यातही कट-पेस्टची आपली एक गंमत आहे. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर फाइल हलवताना कॉम्प्युटर आधी कॉपी करतो, मग मूळ फाइल पुसतो, असं एकेक करत पुढे जातो. मध्येच केबल हलली की निम्मे फोटो इकडे, निम्मे तिकडे, आणि कुठे थांबलं होतं हे शोधायला बसा.

जागा मोकळी करायची गरज खरी असते, फोन भरला की तो रडायला लागतोच. पण ते काम वेगळं आणि बॅकअप वेगळा. जागा मोकळी करायची तर त्याच फाइली आधी दोन ठिकाणी हव्यात. डिस्क एकच असेल तर मूळ फाइलला हात लावायचा नाही. पीटर क्रोग या फोटोग्राफरने रूढ केलेला ३-२-१ चा नियम बहुतेकांनी कुठेतरी ऐकलेला असतो: प्रती तीन, माध्यमं दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. मजकुरातला सल्ला पाळला तर हिशेब होतो १-१-०.

आता ‘सगळं तिच्यात टाका’. हे लिहिणाऱ्याने सगळं कधी टाकून पाहिलेलं दिसत नाही. पोर्टेबल डिस्कची ती रुंद, चपटी, मध्ये खाच असलेली पिन आठवा. यूएसबी ३.० बरोबर आलेला हा मायक्रो-बी प्रकार. एका अंगाला मोठा भाग, शेजारी चिकटलेला छोटा. मोठा भाग जुन्या मायक्रो यूएसबीच्याच मापाचा आहे, त्यामुळे जुन्या फोनची केबलही त्यात बिनतक्रार बसते. डिस्क चालतेही. फक्त यूएसबी २ च्या गतीने, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३०-४० एमबी. या गतीने एक टीबी भरायला आठेक तास लागतात, आणि माणूस डिस्कला शिव्या घालत बसतो.

तीच पिन थोडी सैल झाली की दुसरा खेळ सुरू होतो. डिस्क जोडल्याचा ‘टुडुंग’, दोन सेकंदांनी तुटल्याचा, पुन्हा जोडल्याचा. आतून हलकं टिकटिक. डिस्क गेली असं वाटून पोटात गोळा येतो, पण कित्येकदा तिला नुसता करंट पुरत नसतो. या छोट्या डिस्कना वेगळा ॲडॅप्टर नसतो. यूएसबी २ चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००, आणि तबकडी शून्यापासून वेग घेते त्या क्षणी मागणी सगळ्यात जास्त असते. लांब, बारीक केबल किंवा चार गोष्टी लटकवलेला हब मध्ये आला की तेवढा करंट पोचत नाही. अशा वेळी चांगली आखूड केबल घेऊन डिस्क थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावून बघायची. एकदाच. तरीही टिकटिक थांबली नाही तर काढून ठेवायची, पुढचं खाली येतंच आहे. फोनला थेट डिस्क जोडणाऱ्यांचा घोळही बहुधा हाच असतो.

केबल ठीक, पोर्ट ठीक, तरी कॉपी सुरुवातीला शंभरच्या वर पळते आणि मग धापा टाकत दहा-वीसवर येते. याचं कारण आत आहे. बऱ्याच पोर्टेबल डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात. जास्त माहिती मावावी म्हणून तबकडीवरचे माग, म्हणजे माहिती लिहायच्या गोल रेघा, छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. एक माग बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. डिस्क आधी सगळं एका राखीव पट्ट्यात भराभर उतरवून घेते. तो भरला की खरी गती उघडी पडते. हा बिघाड नव्हे, बनावटच तशी आहे. खोक्यावर मात्र ‘एसएमआर’ ही अक्षरं सहसा सापडत नाहीत.

शिवाय ठेचा आहेतच. डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धती, म्हणजे फॉरमॅट, वेगवेगळे असतात. डिस्क फॅट३२ मध्ये असेल तर निम्मी रिकामी असूनही ४ जीबीवरचा एकही व्हिडिओ घेत नाही. एनटीएफएस असेल तर मॅक ती वाचतो, लिहायला मात्र आपणहून तयार होत नाही. आणि विंडोजने आज डिस्कला ई म्हटलं, उद्या पेनड्राइव्ह आधी लावला म्हणून एफ म्हटलं, की रोज रात्री आपोआप होणारा बॅकअप ई शोधत बसतो आणि मुकाट्याने सोडून देतो. स्क्रीनवर कुठेतरी कोपऱ्यात सूचना येते, ती आपण बंद करतो. यावर उपाय सोपा आहे, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या डिस्कला वर्णमालेत शेवटाकडचं एखादं अक्षर कायमचं देऊन टाकायचं. पण हे त्या मजकुरात कुठे असतं?

‘कपाटात ठेवली की झीज नाही’ हे अर्धं खरं. तबकडीवरची चुंबकीय नोंद वर्षानुवर्षं टिकते, ती काही दोन पावसाळ्यांत पुसली जात नाही. पण डिस्क म्हणजे नुसती तबकडी नव्हे. मोटर, बेअरिंग, सर्किट बोर्ड आणि ती नाजूक पिनही तिच्यात आली. एखादा भाग वाचता येईनासा झालाय हे वाचायला गेल्याशिवाय कळत नाही, आणि कपाटातली डिस्क आपण वाचायला जातो ती नेमकी गरज पडली तेव्हाच. पोर्टही बदलतात. एके काळी फायरवायर या वेगळ्या पोर्टच्या डिस्क मोठ्या दिमाखात मिरवत. आज नव्या लॅपटॉपवर तो पोर्ट शोधून दाखवा. मला तर झिजेपेक्षा शिळेपणाची भीती जास्त वाटते. कपाटातली डिस्क जोडा आणि तिच्यातल्या शेवटच्या फोल्डरची तारीख बघा. त्या तारखेनंतरचं काहीही त्या डिस्कवर नाही.

इजेक्टबद्दल. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ च्या शेवटापासून, बाहेरच्या ड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हीच मूळ सेटिंग झाली. त्यामुळे काहीच लिहिलं जात नसेल तर विंडोजवर डिस्क तशीच काढता येते. मजकुरातला दावा इथून उचललेला आहे. पण काही लिहिलं जात नाहीये हे तुम्ही कशावरून ठरवता? अँटिव्हायरस, सर्चचं इंडेक्सिंग, मागे चाललेलं बॅकअपचं सॉफ्टवेअर, कोणाचाही हात तिच्यात असू शकतो. मॅक आणि लिनक्सवर ही सूट नाहीच; लिनक्सवर तर कॉपीची पट्टी पूर्ण झालेली दिसते आणि निम्मा डेटा अजून मेमरीत असतो. त्यातून डिस्क एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये असेल तर तिला जर्नलिंगचा, म्हणजे चालू बदलांची आधी नोंद ठेवण्याचा, आधार नसतो, मध्येच तुटलं तर फोल्डरच्या फोल्डर गायब होऊ शकतात. आणि एक निव्वळ यांत्रिक बाब: करंट अचानक गेला की हेडला, म्हणजे तबकडीवर वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाला, घाईघाईने बाजूला जावं लागतं, त्याचा ताण नेहमीच्या पार्किंगपेक्षा जास्त. इजेक्ट करा, तबकडीची थरथर थांबू द्या, मग उचला. चार सेकंदांचं काम आहे.

‘आवाज करून इशारा देतेच’ हे तर साफ चूक. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. निकामी झालेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी, तापमान सोडलं तर, स्मार्टच्या एकाही नोंदीत कसलीही खूण दाखवली नव्हती. स्मार्ट म्हणजे डिस्कची स्वतःची तब्येतवही. त्यात यूएसबीच्या डबीतली काही सर्किटं ही वही कॉम्प्युटरला दाखवतच नाहीत. राहिला आवाज. केबल बदलूनही ठरावीक लयीत टक-टक येत असेल तर तो इशारा नसतो, बिघाड झालेला असतो. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं आणि खाली तबकडी मिनिटाला ५४०० फेऱ्या मारते. खराब हेड घेऊन ती पुन्हा पुन्हा चालू करणं म्हणजे उरलेलं खरवडून काढणं.

आता कोलंबिया. किस्सा खरा आहे. १ फेब्रुवारी २००३ ला यान कोसळलं, त्यातली ४०० एमबीची एक डिस्क अवशेषांत सापडली आणि झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाचा जवळपास ९९ टक्के डेटा तिच्यातून निघाला. २००८ मध्ये त्याच्या बातम्या झाल्या, तेव्हापासून हा दाखला फिरतोय. फॉरवर्डमध्ये दोन गोष्टी गाळलेल्या असतात. एक, त्या डिस्कवर डॉस ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम होती, त्यामुळे डेटा विखुरलेला नव्हता आणि तबकडीचा खराब झालेला भाग नेमका रिकामा निघाला. दोन, यानातल्या आणखी दोन डिस्क सापडल्या होत्या, त्यांतून उपयोगाचं काहीही निघालं नाही. तीनपैकी एक, तीही नशिबाने. आजच्या २ टीबीच्या डिस्कवर त्या डिस्कच्या पाच हजार पट माहिती असते, तेव्हा ओरखडा तेवढाच असला तरी नुकसान तेवढंच राहत नाही.

घरच्या डिस्कपुढे आणखी एक अडचण असते. पूर्वी डबी फोडली की आत साधी लॅपटॉपची डिस्क मिळायची, ती दुसऱ्या डबीत घालून काम भागायचं. आता बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीची पिन थेट डिस्कच्या बोर्डावरच असते. पिन उखडली तर दुसरी डबी कामाची नाही. काहींमध्ये तर तुम्ही पासवर्ड लावलेला नसला तरी आतली चिप सगळं एन्क्रिप्ट करूनच लिहिते, म्हणजे बोर्ड गेला की तबकडी धडधाकट असूनही काही वाचता येत नाही. वॉरंटीत नवी, कोरी डिस्क मिळते, डेटाची जबाबदारी कंपनी घेत नाही. आणि फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्या. बाहेर काढल्यावर आत बाष्प धरतं आणि डेटा काढून देणाऱ्या लॅबवाल्याचं काम आणखी अवघड होतं.

मग करायचं काय? एका मोठ्या डिस्कऐवजी दोन बेताच्या घ्या, शक्यतो वेगवेगळ्या बनावटीच्या. आलटून पालटून वापरा आणि एक कायम दुसऱ्या पत्त्यावर, भावाकडे, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, कुठेही ठेवा. हाताने कॉपी-पेस्ट करण्यापेक्षा विंडोजची फाइल हिस्टरी किंवा मॅकचं टाइम मशीन वापरा, कारण ती जुन्या आवृत्त्याही जपून ठेवतात. चुकून बिघडवलेली फाइल बॅकअपमध्येही बिघडलेलीच गेली, असं होत नाही. जे हरवून चालणारच नाही ते थोडकंच असतं. तेवढं क्लाउडवरही असू द्या, पैसे भरावे लागले तरी.

आणि बॅकअपमधून फाइली परत काढून बघा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत एका कर्मचाऱ्याने चुकून चालू सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पद्धती एक सोडून पाच होत्या, ऐन वेळी एकही धड चालली नाही. एक तर आवृत्ती जुळत नसल्यामुळे कितीतरी दिवस गुपचूप फसत होती आणि त्याच्या ई-मेल सूचनाही कोणापर्यंत पोचत नव्हत्या. साधारण सहा तास आधी योगायोगाने घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावलं. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. लोकांचा कोड सांभाळणं हाच ज्यांचा धंदा, त्यांची ही गत. आपल्याला निदान डिस्कवरचे दहा-वीस फोटो आणि एखादा लांबलचक व्हिडिओ दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघता येईल, नुसती थंबनेल बघून चालत नाही.

हे सगळं सांगितलं की हमखास उत्तर येतं, मग एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, घेतो, तिच्यात फिरणारं काही नाही. पिशवीत टाकून फिरवायला ती खरंच चांगली, पडली तरी सहसा काही होत नाही. पण कपाटासाठी ती नको. वापरून थकलेल्या एसएसडीने करंटशिवाय किती काळ डेटा धरून ठेवावा याचं जेडेक या चिप-उद्योगाच्या मानक संस्थेचं मानक घरगुती वापरासाठी ३० अंश तापमानाला एक वर्ष इतकंच आहे. नवी डिस्क त्याहून कितीतरी जास्त टिकेल, पण आपली किती थकली आहे याचा हिशेब ठेवतो कोण? शिवाय ती जाते तेव्हा टकटकही करत नाही.