टिकटिक वाजली म्हणून बॅटरी आणायला निघू नका

नवतपा सरतो, मृगाचे पहिले सडाके पडतात आणि नागपूरच्या आसपास गवत तरारून वर येतं. वर्धा रोड, काटोल रोडकडची फार्महाऊस असोत की कॉलेजांची मैदानं, दिवाळीनंतर शेडमध्ये झाकून ठेवलेली सीटवाली मोवर (बसून चालवायचं गवत कापायचं मशिन) तेव्हा बाहेर निघते आणि हमखास रुसते. याच दिवसांत व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: किल्ली फिरवल्यावर नुसतं टिकटिक वाजलं की बॅटरी गेली, नवी टाका. सीटखालच्या स्विचच्या वायरी एकमेकींना जोडून टाका. चोक पूर्ण ओढा आणि सुरू होईपर्यंत सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारत राहा. पेट्रोल कधी खराब होत नाही. एअर फिल्टर पेट्रोलने धुवा. ऑइल खुणेपेक्षा थोडं जास्तच भरा.

यातला पहिला सल्ला अर्धा बरोबर आहे. बाकीचे खिशाला महाग पडतात, एक तर पायालाही.

बॅटरीपासून सुरुवात करू. आवाज नीट ऐका. भराभर टिकटिक येत असेल तर सोलेनॉइड (किल्ली फिरवताच बॅटरी सेल्फला जोडणारा स्विच) धरून ठेवण्याइतका व्होल्टेज टिकत नाही. कारण बॅटरी उतरलेली असेल किंवा टर्मिनलवर चढलेला पांढरा-हिरवा थर असेल. थर असेल तर तो खरवडायला पैसे लागत नाहीत. एकच ठळक ‘टक’ आणि पुढे शांतता, तर संशय सोलेनॉइडच्या आतल्या कॉन्टॅक्टवर, सेल्फवर किंवा अर्थच्या (बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाच्या धातूला जाणाऱ्या) केबलवर. काहीच आवाज नसेल तर आधी फ्यूज आणि सेफ्टी स्विच बघा.

त्यानंतर मल्टिमीटर लावा. चार्जर काढून काही तास झाल्यावर 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली बॅटरी, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. पण नुसत्या या आकड्यावर जाऊ नका. एकाने किल्ली फिरवावी, दुसऱ्याने मीटर बघावा. आकडा 9.6 च्या खाली कोसळला तर बॅटरीत दम नाही, किंवा सेल्फ कशाशी तरी झुंजतोय. वरच राहिला आणि तरी इंजिन फिरत नाही, तर बॅटरी निर्दोष. मग किल्ली फिरवलेली असतानाच बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत मोजा. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर केबल किंवा सोलेनॉइड व्होल्टेज खातोय. जवळजवळ पूर्ण 12 दिसला तर सोलेनॉइड जोडतच नाही. निगेटिव्ह खांब ते इंजिनाचा उघडा धातू यांत 0.3 च्या वर गेला तर अर्थचा बोल्ट काढून गंज घासा.

पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्याच्या 45 अंशांत बॅटरीचं पाणी आटतं, आणि नुसती पडून राहिलेली बॅटरीही उतरत जाते. उतरली म्हणजे मेली असं नाही. पाण्याची बॅटरी असेल तर प्लेटा बुडतील एवढं डिस्टिल्ड वॉटर घाला (नळाचं नको), 2-3 अँपिअरवर रात्रभर चार्ज करा, मग खुणेपर्यंत भरा. ट्रकच्या बॅटरीबरोबर मोठ्या चार्जरवर लावली तर तापून फुगेल.

आता ज्याच्यापायी सर्वांत जास्त बॅटऱ्या फुकट बदलल्या जातात ते दुखणं. इंजिन अर्धा फेरा घेतं, अडतं, पुन्हा किल्ली फिरवली की पुन्हा अडतं. नवी बॅटरी टाकली तरी तेच. मग सेल्फ बदलतात, तरी तेच. अनेक सिंगल सिलिंडर इंजिनांत कॅमशाफ्टवर (वाल्व उघडणाऱ्या दांड्यावर) एक छोटी सोय असते. सेल्फवर हळू फिरताना ती एक वाल्व किंचित उघडा धरते, म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) कमी होतं आणि लहान सेल्फलाही इंजिन फिरवता येतं. हा उचल मिलिमीटरपेक्षाही कमी असतो. टॅपेटची फट (वाल्व आणि त्याला दाबणारा रॉकर यांतली) वाढली की तो फटीतच जिरतो, वाल्व उघडत नाही आणि सेल्फला पूर्ण कॉम्प्रेशनशी लढावं लागतं. खात्री करायला प्लग काढा, त्याची वायर दूर बांधून अर्थ करा आणि किल्ली फिरवा. इंजिन भिंगरीसारखं फिरलं तर बॅटरी आणि सेल्फ दोन्ही ठीक आहेत. मग रॉकर कव्हर उघडा. कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात पिस्टन वरच्या टोकाला जाऊ द्या, टोक ओलांडून साधारण 6 मिलिमीटर खाली आणा आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) फट तपासा. बऱ्याच इंजिनांत इनटेकला सुमारे 0.10 आणि एक्झॉस्टला सुमारे 0.15 मिलिमीटर लागते. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. काम तासाभराचं, खर्च फार तर एका गॅस्केटचा.

सीटखालच्या वायरी जोडण्याचा सल्ला धोक्याचा आहेच, शिवाय बहुतेक वेळा निरुपयोगीही. पुष्कळ मशिनींत सेल्फची वाट ब्रेक पेडलच्या आणि ब्लेडच्या स्विचमधून जाते. सीटचा स्विच मुख्यतः माणूस उठला की इंजिन बंद करतो. त्यामुळे सेल्फ फिरतच नसेल तर सीटला हात लावण्याआधी ब्रेक पूर्ण दाबला आहे का, ब्लेडची कळ खाली आहे का ते बघा. पेडलखाली वाळलेलं गवत अडकून ब्रेक अर्धवट दाबला जाणं नेहमीचं आहे. काही सीट-स्विचांना चार पिना असतात. चुकीची जोडी जोडली तर ठिणगी देणारी कॉइल अर्थ होते आणि आधी येणारी ठिणगीही जाते. तपासण्यापुरती, ब्लेड बंद ठेवून जोडणी करता येते, पण ती लगेच काढायची. ब्लेडचं टोक ताशी 300 किलोमीटरच्या आसपास फिरतं, आणि चालवणारा उतारावर घसरून पडला तर ते थांबवणारा तोच एक स्विच.

चोक ओढून सेल्फ मारत राहिलात तर आधी प्लग ओला होतो, मग सेल्फ तापतो. एका वेळी 5 ते 10 सेकंद, मग किमान एक मिनिट विश्रांती. पेट्रोलचा भपकारा येत असेल तर चोक बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा, मगच किल्ली फिरवा.

इंजिन फिरतंय पण पेटत नाही, तेव्हा ठिणगी की पेट्रोल ते आधी ठरवा. प्लगच्या वायरला ठिणगीचा टेस्टर लावून बघा. ती नसेल तर कॉइलची बंद करणारी वायर सुटी करून पुन्हा बघा. आता आली तर कॉइल चांगली आहे, खोट स्विचांत किंवा उंदरांनी कुरतडलेल्या वायरिंगमध्ये. ठिणगी असेल तर कार्बोरेटरच्या तोंडात चमचाभर ताजं पेट्रोल घाला, फिल्टर परत बसवा आणि किल्ली फिरवा. दोन सेकंद पेटून विझलं तर पेट्रोल पोचत नाही.

आणि पेट्रोल खराब होतंच. पंपावर आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. बहुतेक छोट्या इंजिनांची मॅन्युअल 10 टक्क्यांपर्यंतच चालेल असं सांगतात. इथेनॉल पावसाळी हवेतलं पाणी ओढतं, ते प्रमाणाबाहेर गेलं की वेगळं होऊन तळाशी बसतं. उन्हाळाभर कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेल्या पेट्रोलचा तर चिकट राळेसारखा थर होतो आणि जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक) बुजतो. जुनं पेट्रोल काढून टाका, वाटी उघडा, जेट कार्ब क्लीनरने आणि तांब्याच्या बारीक तारेने साफ करा. सुई किंवा ड्रिल घातलं तर भोक मोठं होतं. वाटीखाली वायर लावलेला सोलेनॉइड (सेल्फचा नव्हे, हा पेट्रोलची वाट उघडतो) असेल तर किल्ली ऑन करताच तिथे बारीक ‘टक’ यायला हवी. नाही आली तर साफसफाई करूनही इंजिन पेटणार नाही.

कागदी एअर फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो. वरचा फोम तेवढा साबणाच्या पाण्यात धुवा.

ऑइल खुणेपर्यंतच. न भरताच पातळी वाढलेली दिसली आणि ऑइल मोजायच्या काडीला पेट्रोलचा वास आला, तर सेल्फ अजिबात मारू नका. कार्बोरेटरच्या वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई गळतेय, पेट्रोल सिलिंडरमधून ऑइलमध्ये उतरलंय. सिलिंडर पातळ पेट्रोलने भरलेला असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्लग काढून हाताने फिरवून सिलिंडर रिकामा करा, ऑइल पूर्ण बदला, सुई नवी टाका, आणि यापुढे मशिन उभी करताना पेट्रोलचा कॉक बंद करा.