अर्धी पोळी अधिक तृतीयांश पोळी

"अपूर्णांक मुलांना घरातल्या उदाहरणांनी शिकवा," असं पालकसभेत बाईंनी सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. सर्वांत जोरात मी. शिकवायला बाई थोड्याच घरी येणार होत्या!

चिरंजीव पाचवीत. वहीत गणित होतं 1/2 + 1/3, आणि खाली डौलदार अक्षरात उत्तर 2/5. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले, मोकळा झाला. मी म्हटलं, "अरे, अर्धं होतं, त्यात आणखी घातलं, आणि उत्तर अर्ध्याहून कमी? खिशात पैसे टाकले की खिसा हलका होतो का?"

मुद्दा बिनतोड होता. निदान त्याने तोंड उघडेपर्यंत.

"पण बाबा, शनिवारी आम्ही दोन मॅचमधली एक जिंकलो, रविवारी तीनमधली एक. मिळून पाचमधल्या दोनच ना?"

आता काय बोलणार! हिशेब चोख. शनिवारचा 'पूर्ण' दोन मॅचचा, रविवारचा तीनचा; पूर्णच वेगळे असतील तर ही अपूर्णांकांची बेरीजच नव्हे, हे मला कळत होतं. पण वादात नुकत्याच जिंकलेल्या मुलाला ते कोण सांगणार? त्यापेक्षा पूर्ण एकच ठेवू, म्हणून डब्यातली एक पोळी काढली.

आमच्याकडे पोळी घडीची. लाटताना ती गोलाकडे निघते आणि वाटेत कुठेतरी विचार बदलते. (हे वाक्य हिने वाचू नये.) तिचे सहा समान भाग करायला भूमापन खात्याचा माणूस लागला असता. मी सुरीने केले. "हा मोठा आहे," असं म्हणून चिरंजीवांनी एक तुकडा तूप लावून खाल्लाही. ताटात राहिले 5/6. गणिताचं उत्तरही 5/6! पण बेरजेचं उत्तर वजाबाकीने आलेलं बाईंना चाललं नसतं.

तेवढ्यात आई माळ बाजूला ठेवून सरसावली. ती पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केलेल्या पिढीतली. "काय अडलंय? रुपयाचे सोळा आणे. अर्धा म्हणजे आठ आणे. तिसरा हिस्सा पाच आणे चार पै. झाले तेरा आणे चार पै."

मी कागदावर पडताळून पाहिलं. आण्याच्या बारा पै, रुपयाच्या 192. तेरा आणे चार पै म्हणजे 160. बरोबर 5/6! फक्त रुपयाचे सोळा आणे 1957 सालीच संपले, आणि वहीत 'तेरा आणे चार पै' लिहायला चौकट नव्हती.

"आजी, आणे म्हणजे काय गं?" झालं. पुढचा सगळा वेळ आण्यांनी खाल्ला.

शेवटी मीच त्याच्या मैदानात उतरलो. "अर्धी ओव्हर म्हणजे किती बॉल?"

"तीन."

"एक तृतीयांश ओव्हर?"

"दोन."

"मिळून?"

"पाच. सहातले पाच... 5/6! मग हे आधीच का नाही सांगितलंत?"

लसाविचं नावही न काढता छेद सहा झाला होता. मी ऐटीत चहाची ऑर्डर सोडली. चिरंजीव मात्र पेन्सिल चावत वहीकडेच बघत होते.

"बाबा, त्यातला एक नो-बॉल असेल तर? मग ओव्हरमध्ये सात बॉल पडतात. खाली सात लिहू?"