कविता ऐकायला युनिव्हर्सिटीत या, गुजरातीसुद्धा

बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळींना आग्रहाची विनंती आहे. आर्ट्स फॅकल्टीत काव्यवाचन किंवा व्याख्यान असेल, तर ते कुठल्या भाषेत आहे हे बघून घरी बसू नका.

मराठी कार्यक्रमाला आपण हौसेने जातो. १९०९ पासून २०१८ पर्यंत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनं अधूनमधून या गावात भरली, त्याचा अभिमानही सांगतो. पण त्याच आवारात गुजराती कवी वाचत असतो तेव्हा आपल्यातलं फारसं कोणी दिसत नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. भाजीवालीशी, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपण दिवसभर गुजराती बोलतो. मग ती भाषा आपल्याला फक्त व्यवहारापुरतीच का हवी?

‘पुस्तकं आहेत की’ असं कोणी म्हणेल. आपल्याकडच्या कितीतरी मावश्या-काकू फर्डं गुजराती बोलतात, पण त्यांना लिपी वाचता येत नाही. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांचंही तेच. या लोकांसाठी कानावर पडणारी कविता हीच खरी कविता. कवी ओळ म्हणतो, थांबतो, पुन्हा म्हणतो. पहिल्यांदा निसटलेलं दुसऱ्यांदा हाती लागतं. गझल असेल तर विचारूच नका! दोन-तीन शेर झाले की रदीफ, म्हणजे प्रत्येक शेराच्या शेवटी येणारे तेच शब्द, कवीच्या आधी श्रोतेच म्हणतात. मराठीत गझल रुजवणारे माधव जूलियन १८९४ साली याच बडोद्यात जन्मले. आपल्याला ती परकी वाटायचं काही कारण नाही.

शिवाय हे काही साधंसुधं आवार नाही. १८८१ चं बडोदा कॉलेज, १९४९ पासून महाराजा सयाजीराव विद्यापीठ. गुजराती लेखक सुरेश जोषींनी इथे गुजराती शिकवलं. चित्रकार गुलाममोहम्मद शेख फाइन आर्ट्सला शिकवत होते आणि गुजरातीत कविता लिहीत होते. चित्रकार आणि कवी एकाच कट्ट्यावर चहा पितात अशी जागा दुसऱ्या कुठल्या गावात सहज मिळते?

आयोजकांनाही सांगायचंय. शाल, श्रीफळ, परिचय, मनोगतं यांतच तास जातो आणि कवीला म्हणतात, ‘वेळेअभावी दोनच कविता’. असं करू नका हो. सत्कार शेवटी ठेवा. आधी कवीला पोटभर वाचू द्या, मग विद्यार्थ्यांना विचारू द्या. त्यांचे प्रश्न आम्हा मोठ्यांच्या भाषणवजा प्रश्नांपेक्षा कितीतरी चांगले असतात.

मुलांनाही आणा. कमाटीबागेत आणताच ना, तिथून फॅकल्टी चालत जाण्याइतकी जवळ आहे. दांडिया बाजाराकडून कोणी येणार असेल तर मला कळवा, माझ्या स्कूटरवर मागे एकाची सोय होईल.