वाट सोडू नये

ज्या माणसाने तारुण्यात राजगडाच्या बालेकिल्ल्यावर बसून बुक्कीने कांदा फोडून खाल्ला आहे, त्याला डोंगरात कसे वागावे हे कुणी शिकवण्याची गरज नाही, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. ती समजूत स्वित्झर्लंडच्या पूर्व टोकाला, झेर्नेझ गावातल्या राष्ट्रीय उद्यानाच्या माहिती केंद्रात निकालात निघाली. झुरिकला नोकरी करणारी माझी भाची मला तेथे मोठ्या हौसेने घेऊन गेली होती.

१९१४ साली स्थापन झालेले हे उद्यान आल्प्समधले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे १७० चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात निसर्गाला त्याच्या मनाप्रमाणे वागू द्यायचे असे ठरलेले असल्यामुळे, माणसाने मात्र अजिबात मनाप्रमाणे वागायचे नाही. पायवाट सोडायची नाही, फूल तोडायचे नाही, दगड उचलायचा नाही, वाळकी काटकीसुद्धा न्यायची नाही, प्राण्यांना खायला घालायचे नाही, कचरा टाकायचा नाही, आणि विसावा घ्यायचा तो पिवळ्या खुणेच्या खांबांमध्ये आखून दिलेल्या जागेतच. मोडले तर दंड. बाकीचे नियम मी माना डोलावून ऐकले, शेवटचा ऐकून माझे गुडघे दचकले. कारण आपल्याकडे ट्रेक हा मुळात ठिकठिकाणी बसण्याचा कार्यक्रम असून त्यात अधूनमधून चालतात.

ओफेन खिंडीच्या रस्त्यावर आम्ही बसमधून उतरलो ती जागाच सुमारे १८०० मीटरवर होती. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर खिडकीला टेकून डुलक्या घेता घेताच खाली राहिले होते, आणि चढाला अजून सुरुवातही व्हायची होती. आम्हाला मार्गुनेट नावाच्या २३२८ मीटर उंचीच्या माथ्यावर जाऊन पलीकडच्या स्टाबेलखोद खोऱ्यातून खाली यायचे होते. वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, तर तास-मिनिटांत लिहिलेले असते. सह्याद्रीतला गुराखी ‘हे काय, पल्याडच’ म्हणतो त्यात खोटेपणा असला तरी माया असते. येथील पाटी विश्रांतीचा वेळ न धरता हिशेब मांडते आणि पुढची पाटी तुम्ही नेमके किती मागे पडलात ते बिनचूक सांगते.

अरिष्ट आले ते पाइनच्या झाडीत. श्वास घेण्यासाठी थांबलो, हे लपवण्यासाठी मी पाठपिशवीतून डबा काढला. त्यात माझ्या बहिणीने, म्हणजे भाचीच्या आईने, नाशिकहून दिलेले डिंकाचे लाडू होते. झाकण उघडताच एक लाडू उडी मारून वाटेवर पडला, दोनदा आपटला, तरी फुटला नाही (ताईचा पाक नेहमीच जरा पुढे जातो), आणि घरंगळत वाटेपासून तीन-साडेतीन फुटांवर, एका उन्मळून पडलेल्या खोडाच्या आडोशाला जाऊन थांबला.

मी एक पाय उचलला.

“मामा, पाय मागे घे. वाट सोडायची नाही.”

“अगं, मग राहू दे तिथेच.”

“तो कचरा होईल.”

“एखादा प्राणी खाईल.”

“प्राण्यांना खायला घालायचं नाही.”

तो लाडू उचलणे हा गुन्हा होता, न उचलणे हा गुन्हा होता आणि तो दुसऱ्या कुणी खाल्ला तर तोही माझाच गुन्हा होता. वरच्या उतारावरून एका मार्मोटने कर्कश शिट्टी घातली. हा गलेलठ्ठ खारीसारखा प्राणी खरे म्हणजे संकट दिसले की आपल्या भाऊबंदांना सावध करतो; मला मात्र ती पोलिसाची शिट्टी वाटली.

तेवढ्यात मागून सत्तरी ओलांडलेले एक जोडपे, दोन्ही हातांत काठ्या घेऊन, तोंडाने श्वास न घेता वर आले. बाईंनी ‘आलेग्रा’ म्हणून तिकडच्या रीतीप्रमाणे अभिवादन केले, लाडवाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि प्रकरण जाणले. मग वाटेच्या कडेला दोन्ही पाय घट्ट रोवून त्यांनी काठी लांब केली आणि एकेक इंच ओढत लाडू वाटेवर आणला. तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला तेव्हा हळदीकुंकवात वाण मिळाल्यासारखा मी नकळत वाकलो.

मार्गुनेटच्या माथ्यावर पिवळ्या खांबांच्या आत पाठ टेकल्यावर भाचीने सांगितले की, आल्प्समधून नाहीसे झालेले दाढीवाले गिधाड परत आणण्यासाठी १९९१पासून त्याची पिल्ले याच स्टाबेलखोद खोऱ्यात सोडली गेली. हा पक्षी मुख्यतः हाडे खाऊन जगतो आणि मोठे हाड उंचावरून खडकावर टाकून फोडतो. मी गुडघे शालीखाली झाकून घेतले.

लाडू खाण्याआधी नवीनच पेच निघाला. त्याला पाइनच्या दोन सुया आणि बरेच बारीक खडे चिकटले होते, आणि उद्यानातून काहीही बाहेर न्यायचे नाही. भाचीच्या देखरेखीखाली मी एकेक खडा नखाने सोडवून जमिनीवर परत ठेवला. एवढ्या सोपस्कारानंतर तो खाण्याची वासनाच उरली नाही, म्हणून डब्यात टाकला आणि संध्याकाळी झेर्नेझ गाठणाऱ्या बसमध्ये, उद्यानाची हद्द मागे पडल्यावर, तोंडात घातला.

दुसऱ्याच घासाला दाढेखाली कचकन आवाज झाला. भाचीने वळून पाहिले.

“खारीक आहे,” मी म्हणालो आणि गिळून टाकले.