पगार घटला तरी पोटगी आपोआप कमी होत नाही

लेखात म्हटलंय की नोकरी गेली किंवा पगार घटला तर मुलांची पोटगी कमी करून मिळते, ते बरोबरच आहे पण ती आपोआप कमी होत नाही हे ठळक सांगायला हवं होतं. कोर्टाची नवीन ऑर्डर येईपर्यंत जुनीच रक्कम लागू राहते आणि दर महिन्याला बाकी साठत जाते. माझ्या भावाचा पगार निम्म्यावर आला तेव्हा त्याने वहिनीला (घटस्फोट झालाय) फोनवर विचारून अर्धे पैसे पाठवायला सुरुवात केली, ती हो म्हणाली, दोघांच्याही मनात काही नव्हतं, पण कागदावर काहीच नाही ना, आठ महिन्यांनी खटके उडाले आणि सगळी थकबाकी त्याच्या अंगावर आली. कपात सहसा फार तर अर्ज केल्याच्या तारखेपासून मिळते, त्याआधीची माफ होत नाही, म्हणून पगारकपातीचं पत्र हातात पडलं की लगेच अर्ज टाका, सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट सगळं जोडा. मुद्दाम नोकरी सोडून उत्पन्न कमी दाखवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्या की कोर्ट तुमची कमवायची क्षमता पण बघतं, नुसतं खात्यात काय येतं ते नाही. आणि पोटगी देणाऱ्याचा पगार वाढला असेल तर वाढीव रकमेसाठीही अर्ज करता येतो, त्यात संकोच कसला, पैसे मुलाचेच आहेत.