मोशेची शिंगे: जेरोमची चूक की जेरोमची निवड?

समाजमाध्यमांवर एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: रोममधल्या सान पिएत्रो इन विंकोली या चर्चमध्ये मायकेलँजेलोने घडवलेला मोशे, म्हणजे बायबलमधला यहुद्यांचा पुढारी आणि संदेष्टा, बसला आहे आणि त्याच्या डोक्यावर दोन शिंगे आहेत. ती तिथे आली, कारण चौथ्या शतकाच्या अखेरीस बायबल हिब्रूतून लॅटिनमध्ये आणणाऱ्या संत जेरोमला हिब्रू नीट येत नव्हते आणि त्याने ‘किरण’च्या जागी ‘शिंग’ वाचले. तेव्हापासून प्रत्येक चित्रकाराने मोशेला शिंगे काढली, यहुद्यांची बदनामी व्हावी म्हणून चर्चने ती चूक जपली, मायकेलँजेलोही अज्ञानापोटी तिला बळी पडला आणि अखेर सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या चळवळीने ती दुरुस्त केली. गोष्ट सुटसुटीत आहे, एका दमात सांगता येते, म्हणूनच ती इतकी पसरली. पण तिच्यातले जवळजवळ प्रत्येक विधान अर्धवट आहे, आणि एका विद्वानाला अडाणी ठरवून ती शेकडो कलावंतांनाही आंधळे ठरवते. म्हणून तिचा मुद्द्यागणिक प्रतिवाद करणे मला आवश्यक वाटते.

आधी मूळ प्रसंग पाहू. बायबलमधल्या निर्गम या ग्रंथाच्या ३४ व्या अध्यायात मोशे आज्ञांच्या दोन पाट्या घेऊन सीनाय पर्वतावरून उतरतो. देवाशी बोलल्यामुळे आपल्या चेहऱ्याच्या त्वचेचे काही झाले आहे हे त्याला ठाऊक नसते, पण लोक त्याच्याजवळ यायला घाबरतात आणि पुढे तो चेहऱ्यावर आच्छादन घेऊ लागतो. त्वचेचे नेमके काय झाले, हे सांगणारे क्रियापद ‘करन’ या तीन व्यंजनांचे आहे. याच व्यंजनांचे ‘केरेन’ हे नाम हिब्रू बायबलमध्ये सत्तरहून अधिक वेळा येते आणि त्याचा अर्थ शिंग असा होतो: बैलाचे शिंग, वेदीच्या कोपऱ्यांवरची शिंगे, आणि लाक्षणिक अर्थाने सामर्थ्य. निर्गममधले क्रियापद मात्र या रूपात फक्त याच अध्यायात, तीनदा येते. त्याचे दुसरे एक रूप ६९ व्या स्तोत्रात आहे आणि तिथे ते शिंगे-खूर असलेल्या बैलासाठी आले आहे. ‘किरण’ या अर्थासाठी ज्याचा आधार दिला जातो ते हबक्कूकच्या ग्रंथातले वचन एकच आहे आणि तेही वादग्रस्त आहे.

हे ध्यानात घेतले की जेरोमने ‘चुकीचे वाचले’ हा आरोप टिकत नाही. त्याच्या काळी हिब्रू लिपीत स्वरचिन्हे नव्हती, ही गोष्ट खरी आहे; ती काही शतकांनंतर आली. पण इथे प्रश्न एखाद्या स्वराच्या घोटाळ्याचा नाही, कारण स्वर कोणतेही लावले तरी मूळ धातू तोच राहतो आणि त्या धातूचा बायबलमधला ठळक अर्थ शिंगाचाच आहे. (मराठी वाचकाला ‘करन’ आणि ‘किरण’ यांच्या उच्चारातले साम्य खुणावते, पण तो निव्वळ योगायोग आहे, संस्कृत किरण हा विखुरणे या अर्थाच्या ‘कॄ’ धातूपासून आला आहे.) आधुनिक हिब्रूत ‘केरेन’ म्हणजे किरणही होतो, आणि आजच्या वाचकाला तो अर्थ उघड वाटतो तो बहुधा त्यामुळेच.

जेरोमला हिब्रू येत नव्हते, हे तर सरळसरळ खोटे आहे. तारुण्यात सिरियाच्या वाळवंटात त्याने ही भाषा शिकायला घेतली आणि पुढे बेथलेहेमला राहून बरानिना नावाच्या यहुदी शिक्षकाकडे अभ्यास केला. हा शिक्षक आपल्या लोकांच्या भीतीने रात्री येत असे, असे जेरोमने एका पत्रात लिहिले आहे. त्याच्यासमोर सेप्टुअजिंट हा जुना ग्रीक अनुवाद होता आणि त्यात मोशेचा चेहरा ‘गौरवयुक्त झाला’ असे आहे, याची त्याला पूर्ण कल्पना होती. शिवाय दुसऱ्या शतकात यहुदी धर्म स्वीकारलेल्या अक्विलाचा अतिशय शब्दशः ग्रीक अनुवादही त्याच्यापाशी होता, आणि त्यात ‘शिंगयुक्त’ असाच अर्थ घेतला होता. आमोसच्या ग्रंथावर भाष्य करताना जेरोमने मूळ हिब्रू आणि अक्विला या दोघांचा हवाला देऊन हेच वाक्य उद्धृत केले आहे आणि ‘तुझ्या साहाय्याने आम्ही शत्रूंना शिंगांनी हटवू’ या आशयाच्या स्तोत्रवचनाशी त्याची सांगड घातली आहे. म्हणजे त्याने दोन्ही अर्थ तोलले, शिंग म्हणजे सामर्थ्य हा बायबलचाच संकेत ध्यानात ठेवला आणि विचारपूर्वक लॅटिनमध्ये ‘कॉर्नुता’, शिंगयुक्त, हा शब्द लिहिला.

ही निवड बरोबर होती, असे मात्र मी म्हणणार नाही. हिब्रू वाक्यात ‘चेहऱ्याची त्वचा’ हा कर्ता आहे आणि त्वचेला शिंगे फुटण्यापेक्षा ती झळकणे अधिक जुळते; जेरोमच्या लॅटिन वाक्यात नेमका हा ‘त्वचा’ शब्द गळला आहे आणि नुसता ‘चेहरा’ उरला आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात संत पौलही मोशेच्या चेहऱ्यावरच्या तेजाविषयीच बोलतो. आजचे बहुतेक अनुवाद, मराठी बायबलसह, तेजाचाच अर्थ घेतात आणि माझ्या मते ते योग्य आहे. पण प्रकाश आणि शिंग हे एकमेकांना छेदणारे अर्थ आहेत, असे जुन्या वाचकांना वाटत नव्हते. अकराव्या शतकात फ्रान्समधल्या त्र्वा गावचा थोर यहुदी भाष्यकार राशी याच वाक्यावर सांगतो की, इथे शिंगाचा शब्द आला आहे, कारण प्रकाश झळकतो आणि शिंगासारखा बाहेर झेपावतो. राशीने लॅटिन वाचून हे लिहिलेले नाही; तो हिब्रू वाचून तिथेच पोहोचला.

आता सगळ्यात मोठे अर्धसत्य: ‘तेव्हापासून प्रत्येक चित्रकाराने शिंगे काढली.’ जेरोम ४२० मध्ये वारला. त्यानंतर जेमतेम वीस वर्षांच्या आत रोमच्या सांता मारिया माज्जोरे या चर्चमध्ये मोशेच्या चरित्राची मोझेक चित्रे लागली. त्यांत शिंगे नाहीत. सहाव्या शतकात राव्हेन्नाच्या सान व्हिताले चर्चमध्ये मोशे आहे; त्यालाही शिंगे नाहीत. नवव्या शतकात फ्रान्समधल्या तूरच्या मठात लॅटिन बायबलची एक भव्य सचित्र प्रत तयार झाली. तिच्यात निर्गमच्या आरंभी मोशे नियमशास्त्र स्वीकारताना दिसतो, पोथीत ‘कॉर्नुता’ आहे, चित्रात शिंगे नाहीत. सहाशे वर्षे तो शब्द पश्चिम युरोपभर वाचला गेला आणि चित्रकारांनी तो चित्रात आणला नाही. केवळ चुकीच्या शब्दामुळे शिंगे आली असती, तर ती इतकी वर्षे कुठे थांबली होती, याचे उत्तर तो फिरता मजकूर देऊ शकत नाही.

शिंगे असलेला आज ज्ञात असलेला पहिला मोशे अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात, इंग्लंडमधल्या कँटरबरी इथे भेटतो. जुन्या इंग्रजीत अनुवादलेल्या बायबलच्या पहिल्या सहा ग्रंथांचे हे हस्तलिखित आज ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि त्यात सुमारे ४०० चित्रे आहेत. इथे लॅटिन शब्दाचा बोलीभाषेत पुन्हा एकदा अनुवाद झाला होता, म्हणजे तो अर्थ चित्रकाराच्या रोजच्या भाषेत उतरला होता. चित्रातली शिंगे कपाळातून उगवलेली वाटत नाहीत, डोक्यावरच्या शिरस्त्राणाला लावल्यासारखी दिसतात. या विषयावर १९७० मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिणाऱ्या कलेतिहासकार रूथ मेलिंकॉफ यांनी त्यांचा संबंध उत्तर युरोपात मान आणि पराक्रम सुचवणाऱ्या शिंगांच्या शिरस्त्राणांशी जोडला होता. त्यांची सगळी मांडणी मान्य केली नाही, तरी एवढे निश्चित की शब्द तयार असूनही त्याला चित्ररूप मिळायला एक विशिष्ट जागा, भाषा आणि नजर लागली. तिथून बाराव्या शतकात बरी सेंट एडमंड्सच्या मठातल्या बायबलात, आणि १३९५ ते १४०३ च्या दरम्यान दिजोंजवळ क्लाउस स्लूटरने घडवलेल्या ‘मोशेच्या विहिरी’वर, अशी ही शिंगे पसरत गेली. ग्रीक अनुवाद वाचणाऱ्या पूर्वेकडच्या चर्चमध्ये मात्र ती रुजली नाहीत. अनुवादाचा प्रभाव किती खरा आहे याचा हाच खणखणीत पुरावा आहे: लॅटिन शब्दाविना शिंगे आली नसती, पण केवळ त्या शब्दाने ती आली नाहीत.

मायकेलँजेलोच्या अज्ञानाविषयीही तसेच. त्याने साधारण १५१३ ते १५१५ या काळात पोप दुसरा ज्युलियस याच्या समाधीसाठी हा मोशे घडवला, तेव्हा शिंगांची प्रथा जवळपास पाचशे वर्षांची झाली होती. हातात किल्ल्या दिसल्या की तो संत पेत्र, तशी शिंगे दिसली की मोशे, ही तेव्हाची सर्वांना समजणारी खूण होती. दुसरा पर्यायही त्याच्या डोळ्यांसमोरच होता: ज्या सिस्टीन चॅपेलचे छत त्याने रंगवले, तिथल्याच भिंतींवर १४८१-८२ मध्ये बोतिचेल्लीने काढलेल्या मोशेच्या डोक्यातून सोनेरी किरण निघतात. पण रंगात किरण काढता येतात, संगमरवरात ते घडवायचे म्हणजे दगडाला काही तरी आकार द्यावाच लागतो. मूर्ती जवळून पाहिली तर शिंगे आखूड आणि बोथट आहेत, कपाळावरच्या दाट कुरळ्या केसांतून ती जेमतेम वर येतात, आणि नजर तिथे न थांबता कपाळाच्या आठ्या, डावीकडे वळलेली मान आणि उजव्या हाताने ओढून धरलेली लांब दाढी यांच्याकडे जाते. सुमारे २३५ सेंटिमीटर उंचीची ही मूर्ती आधीच्या आराखड्यांत वरच्या मजल्यावर, खालून पाहण्यासाठी ठेवायची होती. त्यावरून ‘शिंगे दिसूच नयेत, फक्त त्यांवर उजेड चमकावा, अशी शिल्पकाराची योजना होती’ असाही एक दावा निघाला आहे. पण तसे शिल्पकाराने कुठे सांगितलेले नाही, तेव्हा तो दावाही स्वीकारण्याचे कारण नाही.

समकालीनांना ही मूर्ती कशी दिसली, हे मात्र आपल्याला माहीत आहे. १५५० साली छापलेल्या कलावंतांच्या चरित्रांत जॉर्जो व्हासारी लिहितो की, हा चेहरा इतका तेजस्वी आणि झळाळता वाटतो की त्याच्यावर घालायला आच्छादन मागावेसे वाटते. समोर शिंगे असताना व्हासारीला निर्गममधले तेज आणि आच्छादनच आठवले.

यहुद्वेषाचा मुद्दा झटकून टाकण्याजोगा नाही, म्हणून तो जपून मांडला पाहिजे. आरंभी ही शिंगे गौरवाचीच होती. बिशपच्या डोक्यावर दोन टोकांचा मुकुट ठेवताना म्हणायच्या जुन्या लॅटिन प्रार्थनेत, देवाने मोशेचा चेहरा आपल्या तेजाच्या आणि सत्याच्या ‘अतिशय प्रकाशमान शिंगांनी’ भूषवला, असे शब्द आहेत. जे चिन्ह चर्च आपल्या बिशपांना अभिमानाने देत होते, ते बदनामीसाठी निर्माण झाले असे कसे म्हणता येईल? पण पुढे काळ बदलला. १२६७ मध्ये व्हिएन्नाच्या धर्मसभेने यहुद्यांना शिंगासारखी टोपी सक्तीची केली, सैतानाची शिंगे चित्राचित्रांत रूढ झाली, आणि यहुद्यांना खरोखरच शिंगे असतात ही अत्यंत हानिकारक समजूत युरोपात मुरली. शिंगे असलेल्या मोशेची चित्रे या समजुतीला पूरक ठरली असणार, हे मी नाकारत नाही. मात्र पुढे सोळाव्या शतकात व्हासारी असेही नोंदवतो की, रोममधले यहुदी स्त्री-पुरुष दर शनिवारी थव्याथव्याने हा मोशे पाहायला जात. द्वेषाचा इतिहास खरा आहे. तो जेरोमच्या लेखणीतून निघालेला नाही.

राहिला धर्मसुधारणेचा मुद्दा. धर्मसुधारणेचा प्रवर्तक ल्यूथर याच्या जर्मन बायबलात आणि १६११ च्या इंग्रजी बायबलात चेहरा ‘झळकतो’, हे बरोबर आहे. पण बोतिचेल्लीचे किरण ल्यूथरच्या जन्माआधीचे आहेत, तेव्हा चित्रांतली दुरुस्ती अनुवादाची वाट पाहत बसली नव्हती. आणि किरण आल्यावर शिंगे गेली, असेही झाले नाही. १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सचित्र बायबलात ग्युस्ताव्ह दोरेने मोशे काढला, तेव्हा त्याने डोक्याभोवती गोल प्रभावळ न काढता कपाळाच्या दोन बाजूंनी वर झेपावणारे प्रकाशाचे दोन झोत काढले. निर्गममध्ये मोशेच्या चेहऱ्याविषयी ‘दोन’ हा आकडा कुठेही नाही. तो आकडा शिंगांचा आहे.