‘फॅड’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

काका, गिरणी कामगारांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय की जात मधे आणून मी कामगारांत फूट पाडतोय, इंटरसेक्शनॅलिटी (म्हणजे जात, वर्ग, लिंग यांचं शोषण एकमेकांत गुंतलेलं असतं हा विचार) हे अमेरिकन विद्यापीठातलं फॅड आहे, आणि "कधी घाम न गाळलेल्या पोरांनी वर्गलढा शिकवू नये". मुद्दा पटला नाही तर तसं सांगा ना, पोरं काय, घाम काय, ही कुठली भाषा? तुमच्या वयाचा मान ठेवतो म्हणून जास्त बोलत नाही.

शब्द अमेरिकेतून आला, मान्य. किंबर्ले क्रेनशॉ या कृष्णवर्णीय कायदेतज्ज्ञ बाईंनी तो १९८९ मध्ये मांडला. पण तो शब्द यायच्या साठ वर्षं आधी परळ-लालबागमध्ये काय चाललं होतं ते तुम्हाला माहीत नाही की सांगायचं नाही? साचेखात्यात, म्हणजे मागांवरच्या विणकामात, पगार बरा, आणि तिथेच अस्पृश्यांना घेत नव्हते, कारण सुताची बाबीण बदलली की धोट्याच्या (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनाच्या) भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा आणि सवर्ण विणकरांना त्यांचा उष्टा धोटा चालत नव्हता. हे मालकाने एकट्याने केलेलं नाही काका, शेजारच्या साच्यावरच्या कामगाराने केलंय, तोच जो संपात लाल बावटा घेऊन पुढे असायचा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी सांगितलं की सगळी खाती आमच्या लोकांना खुली करा ही मागणी घ्या, नाहीतर मी त्यांना संपात उतरू नका म्हणून सांगेन, तेव्हा कुठे युनियनने ती नाखुशीनेच घेतली. मग फूट कोणी पाडली? जात ही श्रमिकांचीच विभागणी आहे हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहून ठेवलंय, मी नवीन काही सांगत नाहीये.

आणि घामाचं म्हणाल तर माझे आजोबा थ्रॉसलमध्ये, म्हणजे सूतकताईच्या खात्यात, लागले आणि थ्रॉसलमध्येच म्हातारे झाले, कापसाच्या धुरळ्याने शेवटी शेवटी त्यांना जिना चढवत नव्हता. साच्यावर का गेला नाहीत असं लहानपणी विचारलं तर विषय बदलायचे. त्यांच्या नातवाला तुम्ही घाम शिकवताय! हे मला लागलं, खरंच लागलं, आणि ते लपवणार नाही.

जात बोललं की एकजूट मोडते म्हणता, तर ७ नोव्हेंबर १९३८ आठवा. संपाच्या हक्कावर बंधनं आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र रस्त्यावर उतरले, आणि जातीवर गप्प बसायची अट मान्य करून बाबासाहेब त्यात आले नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांसमोर त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले होते, दोन्ही एकाच भाषणात. मार्क्सवादी विचारवंत कॉम्रेड शरद पाटलांनी पुढे मार्क्स-फुले-आंबेडकर एकत्र धरायचं म्हटलं तेसुद्धा धुळ्यात आदिवासी-शेतमजुरांत काम करत असताना, कुठल्या अमेरिकन विद्यापीठात नाही.

चाळीत सगळे एकत्र राहायचे, ८२ च्या संपात कोणी जात विचारली नाही वगैरे जे लिहिलंय त्यावर मी बोलत नाही, तो तुमचा अनुभव. फक्त कोणाला विचारली नाही ते एकदा आमच्या बाजूच्या माणसांना विचारून बघा, आणि पुढची कमेंट त्यानंतर लिहा.